पणजोबांची १९३८-४२ मधली मृत्यूनोंद: वाळवा तालुका की परळ, सुरुवात कुठून करावी?

कृष्णाकाठ
वंशावळ लिहितो आहे. पणजोबांचं मूळ गाव वाळवा तालुक्यात, आज सांगली जिल्हा. परळला गिरणीत होते, मधूनमधून गावी येत. निधन १९३८ ते १९४२ च्या दरम्यान, नक्की साल घरात कुणालाच सांगता येत नाही. गावी गेले की मुंबईत, यावरही दोन मतं आहेत. शाळेचा दाखला नाही, फोटो नाही. त्यांच्या नावावर जमीन होती की थोरल्या भावाच्या, तेही स्पष्ट नाही.

तहसील कार्यालयात ‘गाव नमुना १४ दाखवा’ म्हटलं तर गावातल्या विहिरी आणि पाणीपुरवठ्याचा तक्ता समोर आला. ग्रामपंचायतीत १९७० च्या आधीचं काहीच नाही म्हणतात. ऑनलाइन पोर्टलवर शोधलं, तिथेही शून्य. नोंद खरंच नाही, की मी चुकीच्या ठिकाणी शोधतोय?

दप्तरखाना
ठिकाण बरोबर आहे, मागणी अपुरी पडली. आजच्या तलाठी दप्तरात नमुना १४ म्हणजे पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंदवही. तुम्हाला हवा आहे तो *जुना* गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. कर्मचाऱ्यांच्या तोंडी तिचं नाव ‘कोतवाल बुक’. अर्जात दोन्ही नावं लिहा:

‘मौजे अमुक, ता. वाळवा, जि. सांगली (जुना जि. सातारा) या गावाची सन १९३८ ते १९४२ या कालावधीची जन्म-मृत्यू नोंदवही (जुना गाव नमुना नं. १४ / कोतवाल बुक) अवलोकनासाठी मिळावी व निवडलेल्या पानांची प्रमाणित नक्कल मिळावी.’

‘जुना सातारा’ हे दोन शब्द गाळू नका. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे रुमालावरची (गठ्ठा बांधलेल्या फडक्यावरची) चिठ्ठी ‘जि. सातारा’ अशीच असते. चिठ्ठ्या वाचून गठ्ठे काढणाऱ्या माणसाला हे सांगितलं नाही तर तो गठ्ठा बाजूला ठेवला जातो. आणखी एक गोष्ट आधी तपासा: या पट्ट्यातली बरीच गावं तेव्हा सांगली, मिरज, औंध अशा संस्थानांत होती. तुमचं गाव संस्थानी असेल तर तहसिलातल्या इंग्रज अमलाच्या दप्तरात ते सापडणारच नाही, संस्थानाचं दप्तर कुठे गेलं ते आधी शोधावं लागेल.

अर्ज तहसीलदारांच्या नावे करा आणि तो अभिलेख कक्षाकडे पाठवायला सांगा. वाळवा तालुक्याचं तहसील कार्यालय वाळवा गावात नसून इस्लामपूरला (आताचं ईश्वरपूर) आहे, हे बाहेरगावाहून येणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

ग्रामपंचायतीने सांगितलं ते त्यांच्यापुरतं खरं असू शकतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्याआधी खेड्यात नोंद गावकामगार पाटलाकडे होत असे. कोतवाल घरोघरची वर्दी (खबर) आणायचा, पाटील किंवा कुलकर्णी वहीत उतरवायचा. पोर्टलवर तर अलीकडचीच नोंद असते, तिथे १९४० शोधण्यात वेळ घालवू नका. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार पानं चढवली गेली. ती जरूर चाळा, पण तिथे मुख्यतः ‘कुणबी’ असा उल्लेख सापडलेलीच पानं आहेत. तिथे नाव नसलं म्हणजे वहीत नाही असा अर्थ होत नाही.

आता वही हातात आल्यावरचं. रकाने साधारण असे: अनुक्रमांक, तारीख, मयताचं नाव, बापाचं नाव, जात, स्त्री की पुरुष, वय, मृत्यूचं कारण, शेरा. आडनाव बहुधा नसतंच. ‘राणू बिन सखाराम’ एवढंच, म्हणजे सखारामचा मुलगा राणू. म्हणून आडनाव डोक्यात धरून पानं उलटली की नोंद डोळ्यांसमोरून निघून जाते. पणजोबांचं नाव आणि *त्यांच्या वडिलांचं* नाव अशी जोडी शोधा. बाईची नोंद ‘सखू कोम राणू’ अशी. कोम म्हणजे अमक्याची बायको. पाळण्यातल्या मुलाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगा’, आणि पुढे बापाचं नाव.

वय ४०, ४५, ५०, ६० असं गोळा आकड्यात दिसेल, ते अंदाजाने सांगितलेलं असतं. दहा वर्षांचा फरक पडला म्हणून नोंद नाकारू नका. कारणाच्या रकान्यात ‘ताप’ सगळ्यात जास्त, मग पटकी (कॉलरा), देवी, अतिसार, खोकला. ‘ताप’ हा शब्द हिवतापापासून क्षयापर्यंत सगळ्याला वापरलेला आहे. घराण्याचा वैद्यकीय इतिहास लिहायला त्याचा फारसा आधार घेऊ नये.

फेरफार_वाचक
वही मिळाली नाही किंवा वाळवीने खाल्ली असेल तर जमिनीच्या कागदांतून मृत्यू शोधता येतो. आजच्या सातबाऱ्यावरून मागे मागे जात सगळ्यात जुन्या उताऱ्यापर्यंत पोहोचा. त्यावर नावांजवळ वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार नंबर, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचे क्रमांक. जुन्या फेरफाराच्या बाडांना आपल्याकडे ‘ड पत्रक’ म्हणतात, मागताना हा शब्द वापरा. ज्या जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन झाले आहेत तिथे भूमी अभिलेखाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर हे घरबसल्या पाहता येतं.

वारसाचा फेरफार साधारण असा वाचायला मिळतो: ‘खातेदार अमुक हे सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत. वारस मुलगे १) २) ३), विधवा अमुक. वर्दीवरून नोंद केली.’ वारसांची यादी हे वंशावळीसाठी सोनं आहे, कारण लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावंही काही वेळा सापडतात. पण इथे दोन तारखा वेगळ्या ठेवा. वरची तारीख वर्दीची असते. मृत्यू त्याआधी काही महिने किंवा चक्क दहा वर्षंही आधी झालेला असू शकतो. कर्ज काढायचं, वाटणी करायची, अशी निकड आली की लोक वर्दी देत. वर्दीच्या तारखेलाच मृत्यूची तारीख समजून वंशावळीत लिहिणं ही नेहमी होणारी चूक.

तुमच्या बाबतीत थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं आहेत का ते पाहा. एकत्र कुटुंब मॅनेजर. तसं असेल तर जमीन सगळ्या भावांची, पण नाव एकाचंच. मग पणजोबा वारले तेव्हा फेरफार झालाच नसेल, आणि त्यांचं नाव पुढे वाटणीच्या फेरफारात ‘मयत भाऊ अमुक याची मुले’ अशा उल्लेखात येईल. त्यावरून निदान ‘या तारखेच्या आधी वारले’ एवढं पक्कं होतं.

कृष्णाकाठ
ए.कु.मॅ. आहे! थोरल्या भावाच्या नावापुढे. याचा अर्थ आज कळला. एक राहिलं सांगायचं: घरी दर वर्षी मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला त्यांचं श्राद्ध होतं. याचा उपयोग आहे का?

तिथीवार
हीच तुमची सगळ्यात मोठी पुंजी आहे. ही वार्षिक श्राद्धाची तिथी आहे, म्हणजे मृत्यूचा महिना, पक्ष आणि तिथी तिन्ही हातात आहेत. राहिलं फक्त साल. १९३८ ते १९४२ म्हणजे शके १८६० ते १८६४. या पाच शकांच्या पंचांगांतून मार्गशीर्ष शुद्ध पंचमीच्या पाच इंग्रजी तारखा काढा. जुनी पंचांगं मोठ्या ग्रंथालयांत मिळतात, आणि मागच्या सालांचं पंचांग गणित करून देणारी संकेतस्थळंही आहेत. स्थळ मुंबई किंवा सातारा निवडा, दिल्ली-उज्जैन नको.

पडताळणी अशी करा. तीच तिथी पुढच्या वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते, मध्ये अधिक महिना पडला तर १९ एक दिवस पुढे जाते. पाच तारखा या चालीत बसल्या नाहीत तर कुठेतरी चूक झाली आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण जानेवारीपासून शक संपेपर्यंत ७९ मिळवायचे. मार्गशीर्ष शुद्ध पक्ष नोव्हेंबर-डिसेंबरात येतो, म्हणून तुम्हाला ७८ चालेल. पौष-माघाच्या तिथींना मात्र इथेच एक वर्षाची गफलत होते.

मग वहीत त्या पाच तारखांची पानं आधी उघडा. प्रत्येक तारखेच्या एक दिवस आधीपासून वाचायला घ्या, कारण पंचांगात त्या तारखेपुढे सूर्योदयाची तिथी असते, आणि पंचमी आदल्या दिवशीच लागलेली असू शकते. पुढे मात्र पंधरा दिवस वाचा. रात्री दोनला गेलेल्या माणसाचा दिवस घरचे आदल्या सूर्योदयापासून धरतात आणि वही मध्यरात्रीपासून, म्हणून वहीत पुढची तारीख पडते. कोतवालाने वर्दी दिली त्या दिवसाची तारीख रकान्यात पडलेली असू शकते.

इतरांसाठी एक सावधगिरी. घरी फक्त पितृपक्षातला म्हाळ होत असेल तर त्यावरून तिथीचा आकडाच कळतो, महिना-पक्ष कळत नाही, म्हणजे वर्षाला २४ शक्यता. आणि नवमी, चतुर्दशी, अमावास्या या तीन दिवसांवर विसंबूच नका. अहेवपणी (नवरा हयात असताना) गेलेल्या बाईचा म्हाळ अविधवा नवमीला, अपघाताने किंवा शस्त्राने गेलेल्याचा चतुर्दशीला, आणि तिथी माहीत नसलेल्याचा सर्वपित्रीला करतात. तिथे मृत्यूच्या तिथीचा संबंध उरत नाही.

भोईवाडा
मुंबईची बाजू सांगतो. नोंद *मृत्यू जिथे झाला तिथे* होते, राहण्याच्या पत्त्यावर नाही. परळच्या चाळीत राहणारा माणूस जे.जे. रुग्णालयात वारला तर नोंद भायखळ्याच्या ई विभागात जाणार. केईएममध्ये किंवा चाळीतल्या खोलीत वारला तर एफ दक्षिणला. लोअर परळ-वरळी जी दक्षिण, दादर-माहीम जी उत्तर. जुन्या काळात एफ आणि जी हे अखंड वॉर्ड होते, उत्तर-दक्षिण भाग नंतर पडले, म्हणून अर्जात शेजारच्या भागाचाही उल्लेख करा. वांद्रे, कुर्ला, अंधेरी ही उपनगरं १९५० साली मुंबई महापालिकेत आली. त्याआधीचा तिथला मृत्यू महापालिकेच्या वहीत शोधून उपयोग नाही.

विभाग कार्यालयाच्या आरोग्य खात्यात अर्ज द्यायचा. इथे साल माहीत नसेल तर काम अडतं, कारण वह्या तारीखवार असतात. वर सांगितलेल्या पाच तारखा तयार करूनच जा. नोंद इंग्रजीत असेल तर नावाची तीन-चार स्पेलिंगं लिहून न्या. राणूचा राणो, रानू, रामू काहीही झालेला असतो. चाळीचं नाव, खोली नंबर, गिरणीचं नाव माहीत असेल तर एकाच नावाच्या दोन माणसांत फरक करता येतो.

दुसरा धागा स्मशानाचा. दहनाची नोंद स्मशानभूमीच्या रजिस्टरात वेगळी होते: नाव, वय, पत्ता, वेळ. परळकरांसाठी भोईवाडा आणि वरळी आधी बघावं. इतकी जुनी रजिस्टरं स्मशानात असतीलच असं नाही, विभाग कार्यालयात विचारा. लहान मुलांचं हिंदूंतही दहन न करता दफन करत, त्यामुळे घराण्यात लहानपणी गेलेलं मूल शोधत असाल तर दफनाची वही वेगळी मागा.

तरी माझं मत, गाव आधी. गिरणीतला माणूस दुखण्याने अंथरुणाला खिळला की त्याला गावी पाठवत. खोलीत दहा-बारा माणसं, शुश्रूषा करणारं बाईमाणूस गावाला. परळला कायम राहणारा म्हणून परळलाच वारला असं धरू नये.

शेवंती
मध्येच विचारते. आमचं मराठी ख्रिस्ती घराणं, मूळ अहमदनगरकडचं. आजीची आई १९४० च्या दशकात मुंबईत वारली, शिवडीला पुरलं असं ऐकलं. कबर शोधता येईल का?

थडगं_आणि_वही
कबर सापडेलच असं नाही, नोंद सापडण्याची शक्यता बरीच जास्त. दोन्ही वेगवेगळं शोधा.

आधी मंडळी, म्हणजे घराणं कोणत्या चर्चचं, ते ठरवा. कॅथलिक, अँग्लिकन, अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश मिशन, प्रत्येकाच्या वह्या वेगळ्या. अहमदनगरकडचं घराणं म्हणजे बहुधा अमेरिकन मराठी मिशन; त्यांचं काम तिथे १८३१ पासून. आजीचा बाप्तिस्मा किंवा लग्न कोणत्या देवळात झालं ते कळलं की पुढचं सोपं. त्या मंडळीच्या पाळकांना पत्र लिहून दफनाच्या नोंदवहीतला उतारा मागा. बाप्तिस्मा, विवाह, दफन अशा तीन वह्या असतात. दफनाच्या वहीत तारीख *दफनाची* असते, मृत्यू त्याच दिवशीचा किंवा आदल्या दिवशीचा. विधी चालवणाऱ्या पाळकाची सही असते, त्यावरून मंडळी पक्की होते. ‘ज्ञानोदय’चे जुने अंकही पाहा, १८४२ पासूनचं हे नियतकालिक, त्यात मंडळ्यांच्या बातम्यांबरोबर निधनवार्ता सापडतात.

तारीख मिळाल्यावरच शिवडीच्या दफनभूमीच्या कार्यालयात जा. तिथलंही रजिस्टर तारखेने लावलेलं असतं, नुसत्या नावावर कुणी दहा वर्षांची पानं उलटून देणार नाही. नोंदीत विभाग आणि कबर क्रमांक मिळतो का बघा. मग मुख्य प्रश्न: कबर कायमची विकत घेतलेली होती का? मुंबईत जागेची टंचाई असल्याने कायमची नसलेली कबर काही काळाने पुन्हा वापरली जाते आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात किंवा एकत्र जागी हलवतात. त्या क्रमांकावर दुसऱ्याच कुटुंबाचा दगड दिसला तर नोंद चुकली असं समजू नका.

दगड सापडला तर खडूने घासू नका, तारेचा ब्रश, ॲसिड काही लावू नका. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना, प्रकाश तिरका पडत असताना फोटो घ्या. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि पुसट लेखही वाचता येतो. दुपारी बारा वाजता त्याच दगडावर काहीच दिसत नाही. ओल्या फडक्याने हलकेच पुसलं तरी पुरतं.

हाच नियम अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातल्या बेने इस्रायल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) दफनभूमींनाही लागू. तिथे दगडांवर मराठी आणि हिब्रू दोन्ही लेख असतात. हिब्रू सनातून ३७६० वजा केले की इसवी सन येतो, आणि त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होत असल्याने तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना ३७६१ वजा करायचे. अक्षरांत लिहिलेल्या सनात हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो, ६९० म्हणजे ५६९०, अर्थात १९२९-३०. नवगावकर, रोहेकर, पेणकर अशा आडनावांवरून मूळ गाव कळतं, म्हणजे कोणती दफनभूमी तेही.

बोरू
वहीच्या लिपीबद्दल कुणी बोललं नाही. १९३८-४२ ची पानं देवनागरीत असतील किंवा मोडीत, एकाच वहीत लिहिणारा बदलला की लिपीही बदलते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, म्हणून ओळ सुरुवातीपासून वाचण्यापेक्षा आधी ‘बिन’ आणि ‘कोम’ डोळ्यांनी पकडा. या शब्दांच्या डावीकडे मयताचं नाव, उजवीकडे बापाचं किंवा नवऱ्याचं. दोन-तीन पानांत त्या लेखनिकाचं वळण बसतं. वाचता येत नसेल तर पूर्ण पानाचा फोटो घ्या, वरच्या रकान्यांच्या मथळ्यांसकट. नुसती एक ओळ कापून मोडी वाचकाला पाठवली तर त्यालाही त्या हाताची अक्षरं ताडून बघता येत नाहीत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, एका घराण्याच्या शोधासाठीही ते शिकणं वाया जात नाही.

तीर्थोपाध्यायांच्या नामावळीही पाहा. अस्थी नाशिकला रामकुंडात नेल्या असतील किंवा नंतर त्र्यंबकेश्वरला कुणी विधीला गेलं असेल, तर गाव आणि आडनाव सांगून तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते विचारा. नामावळीत येणाऱ्याचं नाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे असतात, खाली त्याची सही. मृत्यूची तारीख सहसा नसते, पण अमुक दिवशी मुलगा अस्थी घेऊन आला एवढं कळलं तरी तुमच्या पाच सालांपैकी चार गळून पडतात. काशी-प्रयाग-गयेच्या वहीत वद्य पक्षाचा महिना एकने पुढचा लिहिलेला असतो: आपला भाद्रपद वद्य म्हणजे त्यांचा आश्विन कृष्ण. शुद्ध पक्षाला फरक नाही.

दप्तरखाना
कृष्णाकाठ, शेवटचं. आठवड्याभरात तहसिलातून उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. नाहीतर याच कारणावरून अर्ज परत येतो. ‘माझ्या पणजोबांची नोंद शोधून द्या’ असं लिहू नका, शोधून देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. वहीचं नाव, गाव, सालं लिहा आणि *अवलोकन* मागा. पहिल्या तासाला शुल्क नाही, आणि पाच तारखा हातात असल्या की तासाभरात काम होतं.

वही नाहीच म्हणाले तर तसं लेखी घ्या, कोणत्या गावाची कोणती सालं तपासली ते त्यात असायला हवं. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ आणि ‘अभिलेखात नोंद आढळली नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पहिल्यात वही हरवली आहे, दुसऱ्यात वही आहे आणि तुम्ही परळकडे वळायचं.

कृष्णाकाठ
पाच तारखा काढायला घेतल्या. अवलोकनाचा अर्ज सोमवारी देतो, ड पत्रकाचा वेगळा.